पिशवी घेऊन जा: व्हॅलेन्सियाच्या मंडईत एक सकाळ कशी घालवावी

स्पेनला जाणारे आपले बहुतेक लोक बार्सिलोनाच्या बोकेरियात पाऊण तास घालवतात. कापलेल्या फळांचा प्लास्टिकचा पेला घेतात, टांगलेल्या डुकराच्या मांड्यांसमोर फोटो काढतात आणि "तिथली मंडई पाहिली" असं सांगत परत येतात. बोकेरिया वाईट नाही, पण ला राम्ब्ला रस्त्यावरच्या गर्दीने तिचा बराचसा ताबा घेतलाय. माद्रिदच्या सान मिगेलचं तर २००९ पासून सरळ खाऊगल्लीत रूपांतर झालंय. १९१६ ची लोखंडी इमारत सुरेख आहे, पण तिथे कुणी घरची भाजी घ्यायला येत नाही. खरी मंडई बघायची असेल तर माझं मत व्हॅलेन्सियाच्या मेर्कात सेंत्रालला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती मंडईला. माद्रिदहून जलद गाडीने दोन तासांच्या आत पोहोचता येतं. ती होआकिन सोरोया स्टेशनवर थांबते; जवळच्याच जुन्या नॉर्द स्टेशनपासून मंडई चालत पंधरा मिनिटांवर आहे.

हा लेख त्या एका मंडईचा आहे. मात्र रांग, वजन, बोलणं यांच्या रीती देशभर साधारण सारख्याच आहेत, त्यामुळे सेव्हियाच्या त्रियाना मंडईत किंवा मालागाच्या आतारासानासमध्येही त्या चालतील.

दिवस आणि वेळ आधी ठरवा

मंडई सोमवार ते शनिवार, सकाळी साडेसात ते दुपारी तीन उघडी असते. रविवारी बंद. युरोपात रविवारचे बाजार असतात असं वाचून येणारे इथे बंद दाराचा फोटो काढून जातात. सोमवारही टाळा. बोटी रविवारी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी मासळीच्या भागात बरेच गाळे बंद असतात, आणि उघडे असतात त्यांच्याकडे ताजं फारसं नसतं. शनिवारी सगळं शहर तिथे लोटतं. मजा असते, पण विक्रेत्याला तुमच्याशी बोलायला सवड नसते. मंगळवार ते शुक्रवार सगळ्यात चांगले.

सुट्ट्यांची यादीही एकदा बघून घ्या. २२ जानेवारी आणि ९ ऑक्टोबर या दोन दिवशी व्हॅलेन्सियात स्थानिक सुट्टी असते, आणि १९ मार्चला सान होसेचा सण. त्या आधीचे चार दिवस फायास उत्सवाचे: चौकाचौकात प्रचंड पुतळे, फटाके, बंद रस्ते. तेव्हा मंडईत शांतपणे काही घेण्याची आशा सोडा.

सकाळी साडेआठला पोहोचा. साडेनऊपर्यंत आजूबाजूच्या घरांतल्या आज्या चाकांची पिशवी ओढत येतात, हॉटेलांचे आचारी पेट्या उचलत असतात. साडेदहानंतर मार्गदर्शकाच्या झेंड्यामागून घोळके यायला लागतात. अडीचच्या सुमाराला फरशी धुण्याचा पाइप निघतो आणि तुमच्या चपला ओल्या होतात.

सोबत घ्यायचं ते फार नाही: एक कापडी पिशवी, जमलं तर एक झाकणाचा डबा (ऑलिव्हसाठी), आणि पाच-दहा युरोच्या नोटा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण दोन संत्र्यांसाठी कार्ड पुढे केलं की विक्रेत्याचा चेहरा जो होतो तो आपल्याकडच्या भाजीवाल्याला पाचशेची नोट दाखवल्यावर होतो तसाच. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. मान वर करून घुमट बघणाऱ्या माणसाचा खिसा मारायला सोपा असतो.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

आत शिरल्या शिरल्या काही घेऊ नका. आधी वर बघा. १९२८ मध्ये राजा अल्फोन्सो तेरावा याच्या हस्ते हिचं उद्घाटन झालं. लोखंडी खांब, रंगीत काचा, मधोमध मोठा घुमट, आणि भिंतींवर फरशांमधून काढलेली संत्री आणि भाज्या. क्षेत्र आठ हजार चौरस मीटरहून जास्त, त्यामुळे हरवायला भरपूर जागा. घुमटाच्या टोकाला वारा दाखवणारा एक पोपट आहे. तिथले लोक त्याला 'मंडईचा पोपट' म्हणतात. बडबड्या माणसांच्या जागेवर पोपट बसवणाऱ्याला विनोदाची जाण होती, एवढं नक्की.

मग एक चक्कर मारा. एकाच वस्तूचे भाव चार ठिकाणी बघा. पाट्यांवर दशांशासाठी स्वल्पविराम असतो: १,९५ म्हणजे एक युरो पंचाण्णव सेंट. भाव किलोचा आहे की नगाचा हे नीट वाचा. 'पिएथा' किंवा 'उनिदाद' म्हणजे नग, 'मानोखो' म्हणजे जुडी. रांग कुठे लांब आहे तेही बघा. पर्यटकांची रांग सोडून द्या, पिशवीवाल्या बायकांची रांग धरा.

शब्द ऐकताना मराठी कानाला गंमत वाटते. संत्र्याला 'नारांखा' म्हणतात, आणि ते अरबी-फारसीतून थेट आपल्या 'नारंग'पर्यंत जातं. साखरेच्या 'आथुकार'ची मुळं 'शर्करे'त आहेत. बटाटा 'पाताता', पाव 'पान'. पण 'पेरा' ऐकून पेरू मागू नका. तिथे पेरा म्हणजे नाशपाती. पोर्तुगीजांचा हा शब्द आपल्याकडे येताना भलत्याच फळाला चिकटला.

रांग: न दिसणारी, पण पक्की

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. गाळ्यासमोर पाच-सहा जण पसरून उभे असतात, कुणी कुणाच्या मागे नसतं. रांग नाही असं समजून तुम्ही पुढे सरकता आणि सगळे एकदम तुमच्याकडे बघतात. रांग असते, पण डोक्यात. आल्यावर मोठ्याने विचारायचं: "किएन एस एल उल्तिमो?" म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. आता तुमचा नंबर त्या माणसानंतर, मग तुम्ही खुशाल बाजूच्या गाळ्यावर डोकावून या. तुमच्या मागून आलेल्याने विचारलं की तुम्ही हात वर करायचा. मासळी आणि मांसाच्या मोठ्या गाळ्यांवर नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र असतं. ते दिसलं तर आधी चिठ्ठी फाडा.

दुसरा नियम: मालाला हात लावायचा नाही. टोमॅटो दाबून बघणं, भेंडीचं टोक मोडणं, माशाचा कल्ला उचलून आतला रंग तपासणं, ही आपली जन्माची सवय तिथे आवरावी लागते. मी पहिल्याच दिवशी एक टोमॅटो उचलला आणि बाईंनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. मग विचारलं, "आज खाणार की उद्या?" आज म्हटल्यावर त्यांनी दुसराच निवडून दिला, आणि तो माझ्या निवडीपेक्षा चांगला निघाला. कधी खाणार हे सांगा, निवड त्यांच्यावर सोडा. बोटाने दाखवलं तरी चालतं.

तिसरा: घासाघीस नाही. भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि तोच असतो. पण ओळख झाली की वरचं मिळतं, आपल्यासारखंच. मासळीवाले आणि भाजीवाले गिऱ्हाइकाला पार्स्लीची, म्हणजे 'पेरेखिल'ची, चार पानं फुकट टाकून देतात. ही तिथली जुनी रीत. आपल्याकडे मिरची-कोथिंबीर वर मिळायची, त्याची सख्खी बहीण.

दहा वाक्यांत भागतं

शहरात स्पॅनिश आणि वालेन्सियन या दोन्ही भाषा चालतात. गाळ्यावर पहिला शब्द नमस्काराचा हवा: "बोन दीया" म्हटलं की वालेन्सियन बाई खूश होतात, "ब्वेनोस दियास" म्हटलं तरी काही बिघडत नाही. नमस्कार न करता थेट "किती?" विचारणं तिथे उद्धट मानतात. मग:

"आ कोमो एस्ता?" (कसं दिलं?)
"पोंगामे मेदियो किलो" (अर्धा किलो द्या)
"कुआर्तो दे किलो" (पाव किलो), "थिएन ग्रामोस" (शंभर ग्रॅम)
"उन पोको मास" (थोडं अजून), "आसी एस्ता बिएन" (एवढं पुरे)
"नादा मास, ग्राथियास" (अजून काही नको)
"कुआंतो एस?" (एकूण किती झाले?)

शंभर ग्रॅम चीज किंवा दोनच संत्री मागायला लाजू नका. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या तेवढंच घेतात. बाई तुम्हाला 'ग्वापा', 'कारिन्यो' किंवा 'रेइना' (राणी) म्हणाल्या तर दचकू नका. आपल्याकडच्या 'ताई', 'दादा'सारखंच ते. फोटो काढायचा असेल तर आधी काहीतरी घ्या आणि मग कॅमेरा दाखवून "पुएदो?" विचारा. दोन संत्र्यांनंतर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

काय घ्यावं, कुठल्या ऋतूत

हिवाळ्यात संत्री. त्यांतही खायची ('दे मेसा') वेगळी आणि रसाची ('दे थुमो') वेगळी. देठाला हिरवी पानं असलेली निवडा. पान टवटवीत असेल तर फळ नुकतंच उतरवलेलं असतं. ऑक्टोबर ते डिसेंबर 'काकी' (पर्सिमन हे फळ), एप्रिल-मेमध्ये निस्पेरो म्हणजे लोकाट, मे-जूनमध्ये चेरी. अंजिराला तिथेही दोन बहर: जूनमध्ये मोठं, सौम्य 'ब्रेवा' आणि उन्हाळा संपताना छोटं, जास्त गोड 'इगो'. पुरंदरच्या अंजिराचा खट्टा आणि मीठा बहर ज्यांना माहीत आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

भाजीच्या गाळ्यांवर दोन शेंगा मुद्दाम शोधा. 'गारोफो' म्हणजे मोठा, पांढरा, चपटा दाणा. आपली डबल बी. 'फेराउरा' ही फरसबीची रुंद, चपटी नातेवाईक. वालेन्सियन पायेया म्हणजे याच दोन शेंगा, कोंबडी, ससा, टोमॅटो, केशर आणि तांदूळ, कधी गोगलगायी. कोळंबीचा पायेया ही तिथे वेगळी गोष्ट. दोन्ही एकाच ताटात आले की व्हॅलेन्सियाचा माणूस नाक मुरडतो. आणि पायेया ही दुपारची डिश आहे; रात्री दहाला पर्यटकांच्या हॉटेलात मिळणारा बहुधा आधीच करून गोठवलेला असतो.

घरी आणायला तांदूळ उत्तम. अल्बुफेरा सरोवराभोवतीच्या शेतांतला 'बोम्बा' जातीचा आखूड, गोल दाणा रस भरपूर पितो पण फुटत नाही. त्याची एक किलोची कापडी पिशवी मिळते. केशर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. काडीचंच ('एन एब्रा') घ्या, ला मान्चाच्या संरक्षित नावाचा शिक्का बघा. शेजारीच 'कोलोरान्ते' लिहिलेल्या स्वस्त पुड्या असतात. तो खाण्याचा पिवळा रंग असतो, आणि तिथल्या अनेक घरी रोजच्या भातात तोच पडतो. स्वस्तात केशर मिळालं म्हणून खूश होऊन तो आणणारे लोक मी पाहिलेत.

'पिमेन्तोन' म्हणजे मिरचीपूड: 'दुल्से' गोड, 'पिकान्ते' तिखट (त्यांच्या हिशोबाने तिखट, बेडगीच्या पुढे ती जात नाही). ला वेराचं पिमेन्तोन ओकच्या धुरावर वाळवतात. बटाट्याच्या काचऱ्यांवर चिमूटभर टाकलं की घरभर चुलीचा वास येतो.

मासळीचा भाग वेगळा, आणि कोकणातल्या माणसाला घरच्यासारखा. राहायच्या जागी स्वयंपाकघर असेल तर 'सेपिया' (माकुळाचा चुलतभाऊ) किंवा 'दोरादा' घ्या आणि "मे लो लिम्पिया?" असं विचारा. साफ करून, खवले काढून, हवे तसे तुकडे करून देतात. त्याचे वेगळे पैसे नसतात. सुक्या आणि खारवलेल्या मासळीच्या गाळ्यावर जरा रेंगाळा. 'मोहामा' म्हणजे खारवून वाळवलेल्या ट्यूनाची गडद लाल वडी. ती कागदासारखी पातळ कापून ऑलिव्ह तेल आणि बदामाबरोबर खातात. भाजलेल्या बोंबलाची आठवण हमखास येते. खारा कॉड, म्हणजे 'बाकालाओ', घेणार असाल तर 'देसालादो' (मीठ काढलेला) आहे का ते विचारा. नाहीतर एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, आणि हॉटेलच्या बेसिनमध्ये ते करू नये.

मांसाच्या गाळ्यांवर सोललेले ससे डोक्यासकट टांगलेले असतात, आणि जाळीच्या पिशव्यांत जिवंत गोगलगायी. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा. हामोन (डुकराची खारवून वाळवलेली मांडी) चाखायचंच असेल तर इबेरिको मांडीवरच्या पट्टीचा रंग बघा. काळी म्हणजे शंभर टक्के इबेरियन जातीचं, ओकची फळं खाऊन वाढलेलं डुक्कर. लाल म्हणजे तसाच आहार पण संकर, मग हिरवी, शेवटी पांढरी. पन्नास ग्रॅम हाताने कापून मागा आणि तिथेच खा. भारतात मांसाचे पदार्थ, ताजी फळं किंवा बी-बियाणं आणायच्या फंदात पडू नका.

शाकाहारी मंडळींसाठी

आमच्या घरात अर्धी मंडळी शाकाहारी, म्हणून हा भाग अनुभवाचा. "सोइ बेखेतारियाना" (पुरुष असाल तर "बेखेतारियानो") एवढं म्हणून भागत नाही. तिथे अनेकांच्या मते हामोनचे बारीक तुकडे आणि ट्यूना म्हणजे 'मांस' नव्हेच. यादी करून सांगा: "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन." भाज्यांचा पायेयासुद्धा कोंबडीच्या रसात शिजवलेला असू शकतो, तेव्हा 'काल्दो' कशाचा हे विचारा.

जिथे संशय येत नाही तिथेच फसगत होते. पोटात काही भरलेलं हिरवं ऑलिव्ह बघितलं की आत मिरची असेल असं वाटतं. बऱ्याचदा आत 'आन्चोआ' नावाचा मासा असतो. 'पोल्वोरोन' आणि 'मान्तेकादो' ही तोंडात विरघळणारी बिस्किटं डुकराच्या चरबीत करतात. पाकिटावर 'मान्तेका' शब्द दिसला की खाली ठेवा. ते लोणी नव्हे. मान्चेगोसारखी बरीच चीज जनावराच्या विरजणावर ('क्वाखो आनिमाल') लावलेली असतात. पण एक्स्त्रेमादुरा भागातली 'तोर्ता देल कासार' आणि 'ला सेरेना' ही मेंढीच्या दुधाची चीज रानटी काटेरी फुलाच्या अर्काने लावतात. वरचं झाकण कापून चमच्याने खायची. काटेकोर शाकाहारी माणसाला यापेक्षा चांगलं चीज स्पेनमध्ये मिळणं कठीण.

निर्धास्तपणे खाण्यासारखंही पुष्कळ आहे: साधी ऑलिव्ह, खाऱ्या पाण्यातले 'आल्त्रामुसेस' (कडधान्यासारखे ल्युपिनचे दाणे; साल दाबली की दाणा टुणकन तोंडात), भाजलेले बदाम, आणि अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड आम्लेट, 'तोर्तिया दे पातातास'.

आणि ओर्चाता. 'चुफा' नावाच्या छोट्या कंदांपासून करतात. आपल्या नागरमोथ्याच्याच कुळातलं हे गवत, शहराला लागून असलेल्या आल्बोरायाच्या शेतांत पिकतं. कंद भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून गारेगार देतात. दुधासारखं दिसतं, पण दुधाचा थेंब नसतो. सोबत लांबुळका मऊ 'फार्तोन' घेऊन बुडवायचा, चहात खारी बुडवतो तसा. बाटलीतलं घेऊ नका. त्याच दिवशी केलेलं प्या.

दहा वाजताचं खाणं

व्हॅलेन्सियात नाश्ता आणि जेवण यांच्या मध्ये एक अख्खं खाणं असतं, 'एस्मोर्सारेत'. साडेनऊ ते अकरा. हातभर पावात काहीतरी भरलेलं, बाजूला शेंगदाणे आणि ऑलिव्ह, शेवटी 'क्रेमाएत': रम पेटवून, साखर, लिंबाची साल आणि दालचिनीबरोबर तापवून वर कॉफी. मंडईच्या आत शेफ रिकार्द कामारेना यांचा सेंत्राल बार आहे. चांगला आहे, पण उंच खुर्चीसाठी वाट बघावी लागते. पाय दुखत असतील तर बाहेरच्या गल्ल्यांतला असा कुठलाही बार बघा, जिथे निळ्या कपड्यातले कामगार बसलेत आणि भिंतीवरचा टीव्ही मोठ्याने चालू आहे. टीप द्यायची सक्ती नाही. वरची चिल्लर ठेवली तरी पुरे.

बाहेर पडल्यावर

समोरच ला योत्जा, पंधराव्या शतकात बांधायला घेतलेलं रेशीम व्यापाऱ्यांचं सभागृह. १९९६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पिळलेल्या दोरासारखे खांब सगळेच बघतात. तुम्ही भिंतीच्या वरच्या कडेने फिरणारा लॅटिन मजकूर बघा. जो व्यापारी बोलण्यात फसवत नाही, दिलेला शब्द पाळतो आणि सावकारी व्याज घेत नाही, त्याला संपत्ती आणि अनंत जीवन मिळेल, असं तिथे लिहिलंय. समोरच्या मंडईतल्या वजनकाट्यांकडे तोंड करून.

आता पिशवीत पाव, शंभर ग्रॅम चीज (गाळ्यावरच कापून घ्या, कारण सुरी तुमच्याकडे नाही), ऑलिव्हचा डबा, एक पिकलेला टोमॅटो आणि चार संत्री असतील. उत्तरेला दहा मिनिटं चाललं की सेरानोसचे जुने बुरूज येतात आणि त्यांच्यापुढे तुरिया नदीचं पात्र, बिनपाण्याचं. १९५७ च्या पुरानंतर नदी शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. पुलाखालच्या सावलीत बसा. टोमॅटो अर्धा तोडून पावावर घासा, वर चीज ठेवा. संत्र्याच्या साली टाकायला रिकामी कागदी पिशवी जपून ठेवा. तिथले कचऱ्याचे डबे नेमके हवे तेव्हा सापडत नाहीत.